‘अल्गोरिदमने ठरवलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

बसचे मार्ग अचानक बदलतात, विमान कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या विस्कटतात, सिग्नलला पूर्वीपेक्षा जास्त थांबावं लागतं. मग बातमीत कुठेतरी एक वाक्य हमखास सापडतं: ‘हे सगळं अल्गोरिदमने ठरवलं आहे.’ सांगणारा त्या वाक्याने मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याला पुढे काय विचारावं ते सुचत नाही. ‘वरून ऑर्डर आली’ म्हणायचे ना, त्याच चालीवर.

पण वर कुणी बसलेलं नसतं. असतो तो एक प्रश्न, कुणीतरी आकड्यांत मांडलेला, आणि त्याचं उत्तर शोधायची एक पद्धत. या दोन्हींची उकल करायला गणिताची पदवी लागत नाही.

## आधी बॅग भरू

प्रवासाची बॅग भरायची आहे आणि वजनाची मर्यादा आहे १५ किलो. घरात न्यावंसं वाटणारं सामान ४० किलोचं. काय घ्यायचं, काय ठेवायचं?

यात तीन गोष्टी आल्या. एक, तुमच्या हातात काय आहे: प्रत्येक वस्तू घ्यायची की नाही. दोन, तुम्हाला काय हवंय: जास्तीत जास्त उपयोगाचं सामान. तीन, काय चालणार नाही: १५ किलोच्या वर एक ग्रॅमही. या तिन्हींना अनुक्रमे चल, उद्दिष्ट आणि अटी म्हणतात. अटी पाळून उद्दिष्ट जास्तीत जास्त साधणारी निवड शोधणं म्हणजे ऑप्टिमायझेशन. मराठीत इष्टतमीकरण असा शब्द आहे. अचूक आहे, पण बोलताना जीभ अडखळते, म्हणून मी ऑप्टिमायझेशनच म्हणेन. आणि अल्गोरिदम म्हणजे ती निवड शोधायची पायरीपायरीची कृती, एवढंच.

पूल किती जाड पोलादाचा करायचा, विमानाचा पंख कसा वळवायचा, वीजकेंद्रातला कुठला संच किती वाजता चालू करायचा, कीबोर्डवर कुठलं चिन्ह कुठे ठेवायचं, हे सगळे बॅगेचेच प्रश्न. फक्त वस्तू दहा-वीस नसून हजारो असतात आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

‘उपयोगाचं सामान’ हे मी वर सहज लिहून गेलो. छत्रीचा उपयोग किती गुणांचा आणि पुस्तकाचा किती, हे कुणीतरी आधी ठरवायला लागतं. बॅगेला ते कळत नाही.

## सगळे पर्याय तपासून का पाहत नाहीत?

संगणक इतका वेगवान आहे, तर प्रत्येक शक्यता तपासून सर्वांत चांगली उचलावी, असं कुणालाही वाटेल. हिशेब करून पाहू.

फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणून एक जुनं कोडं आहे. ठरावीक गावं, प्रत्येक गावी एकदाच जायचं, शेवटी निघालो तिथे परतायचं, आणि एकूण अंतर कमीत कमी हवं. गावं १० असतील तर वेगवेगळे मार्ग होतात १,८१,४४०. संगणकाला हे किरकोळ. गावं २० केली की मार्ग साधारण ६ कोटी अब्ज होतात. सेकंदाला एक अब्ज मार्ग तपासणारं यंत्र घेतलं तरी जवळजवळ दोन वर्षं. आता फक्त पाच गावं वाढवा. २५ गावांना त्याच यंत्राला सुमारे ९८ लाख वर्षं लागतील.

यंत्र हजारपट वेगवान केलं तर? ९८ लाखांची ९,८०० वर्षं होतात. म्हणून या विषयातली खरी कमाई वेगवान यंत्रांची कमी, आणि ‘काय तपासायची गरजच नाही’ हे ओळखणाऱ्या युक्त्यांची जास्त.

## धुक्यातला डोंगर

समजा, दाट धुक्यात तुम्ही डोंगरावर आहात आणि सर्वांत उंच शिखर गाठायचंय. दोन पावलांपलीकडचं दिसत नाही. साधा उपाय: पायाखाली जिकडे चढ आहे तिकडे एक पाऊल टाका, पुन्हा पाहा, पुन्हा टाका. चढ संपला की शिखर. तळ शोधायचा असेल तर हेच उलट, उताराने. फ्रेंच गणिती कोशी याने ही पद्धत १८४७ साली मांडली होती, आणि आज ज्या एआयची एवढी चर्चा आहे ती यंत्रं शिकवताना मुळात हीच कल्पना वापरतात. तिथे उताराने जायचं असतं, चुका कमी होण्याच्या दिशेने.

अडचण उघड आहे. चढत चढत तुम्ही एखाद्या छोट्या टेकडीच्या माथ्यावर पोहोचलात, तर चारी बाजूंनी उतारच लागतो. धुक्यामुळे पलीकडचं मोठं शिखर दिसत नाही आणि तुम्ही टेकडीलाच शिखर समजून बसता.

काही प्रश्नांत सुदैवाने फसव्या टेकड्या नसतातच. उद्दिष्ट आणि अटी दोन्ही सरळ प्रमाणातल्या असल्या, म्हणजे दुप्पट माल दुप्पट खर्च अशा धाटणीच्या, तर शक्य पर्यायांचा आकार पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा होतो आणि सर्वोत्तम उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर नक्की सापडतं. याला लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी कोपऱ्यावरून कोपऱ्यावर सरकत जाणारी सिम्प्लेक्स पद्धत दिली. १९८४ मध्ये बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकरांनी कडेकडेने न फिरता हिऱ्याच्या पोटातून आरपार जाणारी पद्धत मांडली. फार मोठ्या प्रश्नांसाठी ती वाट पुष्कळदा जवळची ठरते. कारखान्यांचं नियोजन, मालवाहतूक, वीज अशी कितीतरी क्षेत्रं आजही या दोन घराण्यांवर चालतात. त्यांचं नाव मात्र बातमीत कधी येत नाही.

टेकड्याच टेकड्या असलेल्या प्रश्नांसाठी वेगळी हिंमत लागते: अधूनमधून मुद्दाम खाली उतरायची. धातू तापवून सावकाश निववला की त्यातले अणू आधी सैरभैर फिरतात आणि हळूहळू जागेवर बसतात. १९८३ मध्ये आयबीएममधल्या तीन संशोधकांनी हीच चाल शोधासाठी वापरली. सुरुवातीला वाईट पाऊलही बऱ्याचदा चालवून घ्यायचं, मग ‘तापमान’ उतरवत न्यायचं, तशी ती सवलत कमी होत जाते. टेकडीवरून सुटायची संधी सुरुवातीलाच मिळते.

## वाऱ्याच्या झोतातली पट्टी

मला या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो तो १९६४ चा, बर्लिनच्या तंत्र विद्यापीठातला. तिथे इंगो रेशेनबर्ग यांनी एक पट्टी घेतली, तिला पाच बिजागऱ्या लावल्या आणि ती हवेच्या बोगद्यात, वाऱ्याच्या झोतात धरली. प्रत्येक बिजागरी ५१ ठिकाणी अडकवता येई. म्हणजे पट्टीचे एकूण ३४ कोटी ५० लाखांवर आकार. कुठल्या आकाराला वाऱ्याचा अवरोध सर्वांत कमी?

उत्तर तुम्हाला-मला माहीत आहे: सरळ, सपाट पट्टी. रेशेनबर्गांनाही माहीत होतं, आणि म्हणूनच हा प्रयोग चांगला. त्यांना पट्टीची नव्हे, पद्धतीची परीक्षा घ्यायची होती. पट्टी वेडीवाकडी दुमडून सुरुवात केली. मग बिजागऱ्या यदृच्छेने थोड्या इकडे-तिकडे हलवायच्या आणि अवरोध मोजायचा. कमी झाला तर नवा आकार ठेवायचा, वाढला तर जुन्यावर परत. बस, एवढाच नियम. कुठलंही सूत्र न सांगता पट्टी हळूहळू जवळजवळ सपाट झाली. ३४ कोटी आकारांपैकी तपासावा लागला त्यातला नगण्य अंश.

बदल घडवा, चांगला टिकवा, वाईट सोडा. उत्क्रांतीचीच ही रीत, आणि तिच्यावरून अशा पद्धतींना उत्क्रांती अल्गोरिदम म्हणतात. अमेरिकेत जॉन हॉलंड यांनी त्यात संकराची भर घातली: दोन चांगल्या उत्तरांचे तुकडे जोडून तिसरं बनवायचं. त्यांचं १९७५ चं पुस्तक या शाखेचा पाया मानलं जातं.

याचं फळ अवकाशातही गेलं. २२ मार्च २००६ ला नासाने तीन छोटे उपग्रह सोडले. त्या मोहिमेतल्या एका अँटेनाचा आकार उत्क्रांती अल्गोरिदमने शोधला होता. फोटोत ती एखाद्या कंटाळलेल्या माणसाने वाकवून टाकलेल्या कागदाच्या क्लिपसारखी दिसते. कुठलाही इंजिनिअर असं चित्र काढून वरिष्ठांकडे नेणार नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: उड्डाणाआधी, तयारी चालू असतानाच ठरलेली कक्षा बदलली, अँटेनाकडून अपेक्षा बदलल्या, तेव्हा नवी अट घालून प्रोग्राम पुन्हा चालवला आणि महिन्याभरात नवा नमुना तयार झाला.

यानंतर मुंग्या आल्या (१९९२), पक्ष्यांचे थवे आले (१९९५), पुढे कोकिळा, वटवाघळं आणि लांडगेही आले. ही खरंच अल्गोरिदमांची नावं आहेत. पहिल्या दोन कल्पना कामाच्या आहेत. नंतरच्या प्राणिसंग्रहालयाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पुष्कळदा जुनीच पद्धत नव्या कातड्यात असते. ‘आमचा अल्गोरिदम सर्वांत श्रेष्ठ’ असा दावा दिसला तर १९९७ चा वोल्पर्ट आणि मॅकरेडी यांचा सिद्धान्त आठवावा: शक्य तितके सगळे प्रश्न धरले तर सरासरीत कुठलीच शोधपद्धत दुसरीहून वरचढ नसते. एका प्रकारच्या प्रश्नात कमावलेलं दुसऱ्या प्रकारात गमावलं जातं.

## दोन गोष्टी हव्या असतील तर?

आतापर्यंत उद्दिष्ट एकच धरलं. प्रत्यक्षात गाडी हलकीही हवी आणि धडकेत टिकणारीही. हलकी केली की नाजूक होते, भक्कम केली की जड.

इथे एकच सर्वोत्तम उत्तर नसतं. असते ती उत्तरांची एक रांग, जिच्यातलं कुठलंही उत्तर एका बाबतीत सुधारायचं तर दुसऱ्या बाबतीत काहीतरी सोडावंच लागतं. इटालियन अर्थशास्त्रज्ञ पारेतो यांच्या नावाने तिला पारेतो सीमा म्हणतात. रांगेबाहेरची उत्तरं बिनकामाची, कारण त्यांच्याहून एका बाबतीत तरी सरस आणि दुसरीत कमी नसलेलं काहीतरी रांगेत असतंच. ही रांग एका फटक्यात शोधणारा एक गाजलेला अल्गोरिदम कानपूरच्या आयआयटीत कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी बनवला. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि जगभरचे इंजिनिअर तो वापरतात.

रांग यंत्र देतं. रांगेतलं कुठलं उचलायचं, हे गणितात कुठेही लिहिलेलं नसतं. हलकेपणाच्या किती किलोंसाठी किती सुरक्षितता सोडायची, हा निर्णय कुणाचा तरी असतो. ‘अल्गोरिदमने ठरवलं’ या वाक्यात नेमका तो माणूस गायब होतो.

## पाचशे गॅलन व्हिनेगर

सिम्प्लेक्सवाल्या डँट्झिगांचीच गोष्ट. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं. हा माणूस स्वतःच्या आहाराचा प्रश्नही गणितानेच सोडवणार! उद्दिष्ट ठरलं: पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटावं. ते मोजायचं कसं? पदार्थाच्या वजनातून त्यातल्या पाण्याचं वजन वजा करायचं. अटी: उष्मांक मर्यादेत, पोषणद्रव्यं पुरेशी.

संगणकाने उत्तर दिलं. त्यात दिवसाला ५०० गॅलन व्हिनेगर होतं. म्हणजे जवळजवळ १,९०० लिटर.

चूक संगणकाची नव्हती. तक्त्यात व्हिनेगर ‘सौम्य आम्ल’ म्हणून नोंदलेलं आणि त्यातलं पाणी शून्य धरलेलं. म्हणजे संगणकाच्या लेखी ते पोटभर, जवळजवळ बिनउष्मांकी अन्न, आणि त्याला वरची मर्यादा कुणी घातलेली नाही. डँट्झिगांनी व्हिनेगर यादीतून काढलं. पुढचं उत्तर आलं: रोज सुपाच्या २०० वड्या. त्यांनी खरोखर दोन-चार वड्या पाण्यात विरघळवून पाहिल्या. निव्वळ मिठाचं पाणी. वड्यांना मर्यादा घातली, तर कोंड्याचे ढीग आले. कोंड्याला मर्यादा घातली, तर काकवीसारख्या पाकाचे. अखेर त्यांच्या पत्नीने संगणकाच्या याद्या चाळल्या, त्यातल्या कामाच्या कल्पना उचलल्या आणि आहार स्वतः ठरवला. त्याने त्यांचं दहाएक किलो वजन उतरलं.

यंत्र तुमच्या मनातलं ऐकत नाही, कागदावरचं ऐकतं. कागदावर फट राहिली तर त्या फटीतूनच ते बाहेर पडतं, कारण सर्वांत ‘स्वस्त’ उत्तर नेमकं तिथे असतं.

हे मी स्वतः अनुभवलं आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातल्या परिचारिकांच्या ड्युट्या लावायचा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. सकाळ सात ते दोन, दुपार दोन ते नऊ, नाइट नऊ ते सात. दोन ड्युट्यांमध्ये किमान बारा तास, आठवड्यात एक दिवस सुट्टी, प्रत्येक पाळीला ठरावीक माणसं. प्रोग्रामने सगळ्या अटी पाळल्या, एकही माणूस जास्त लागला नाही. मी खुशीत कागद इनचार्ज सिस्टरांसमोर ठेवला.

त्यांनी चष्मा वर करून एका नावावरून बोट फिरवलं. “हिची नाइट दहा तारखेची. अकराला सकाळी सातला सुटणार. आणि सुट्टी कधी, तर अकरालाच. बाराला परत सकाळी सात. अहो, ही सुट्टी नाही, ही झोप आहे.”

मी पाहिलं, तर जवळजवळ सगळ्यांच्या सुट्ट्या तशाच. नाइटची नोंद ती सुरू होते त्या तारखेला होत होती, म्हणून अकरा तारीख प्रोग्रामच्या वहीत कोरी. आणि नाइट करून आलेल्या बाईला त्या दिवशी सकाळ-दुपारची ड्युटी तशीही देता येत नव्हती. फुकट मिळणारी सुट्टी! त्याने ती शोधून शोधून वापरली होती.

“नाइट ऑफ वेगळा आणि वीकली ऑफ वेगळा, हे त्याला कुणी सांगितलंच नाही का?” सिस्टर म्हणाल्या. सांगायचं मलाच होतं. मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

## यंत्रात माणूस आला की गणित का बदलतं?

विमानाचा कॉकपिट, वीजकेंद्राची कंट्रोल रूम, शस्त्रक्रियेचं टेबल, तुमचा फोन: जिथे काम यंत्र आणि माणूस मिळून करतात, त्या जोडीला मानव-यंत्र प्रणाली म्हणतात. इथे पोलादाच्या पट्टीसारखं नुसतं मोजून भागत नाही. पट्टी रात्री तीन वाजता पेंगत नाही.

पहिला मोह होतो तो ‘सरासरी माणूस’ धरण्याचा. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यातली कॉकपिटच्या दृष्टीने महत्त्वाची दहा मापं निवडली: उंची, छाती, हाताची लांबी वगैरे. प्रत्येक मापात मधले तीस टक्के लोक ‘सरासरी’ धरले, म्हणजे चांगली ऐसपैस व्याख्या. दहाही मापांत सरासरी असलेले वैमानिक किती निघाले? एकही नाही. चार हजारांत शून्य. सरासरी माणसासाठी बांधलेला कॉकपिट कुणालाच नीट बसत नव्हता. पुढे सीट, पेडल, पट्टे मागेपुढे करता येणारे आले. तुमच्या गाडीची सीट सरकते, तेही याच विचाराने. गणिताच्या भाषेत प्रश्नच बदलला: ‘एकाला उत्तम’ऐवजी ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना चालेल असं’.

काही बाबतींत मात्र माणूस आश्चर्य वाटावं इतका नियमित वागतो. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवलं की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. बटण दुप्पट लांब नेलं पण दुप्पट रुंदही केलं, तर वेळ तोच. असा नियम हाती आला की पडद्यावरची बटणं कुठे आणि केवढी ठेवायची, हा अल्गोरिदमला देता येईल असा प्रश्न होतो.

फ्रान्सच्या कीबोर्डचं उदाहरण इथे पाहण्यासारखं आहे. तिथला जुना कीबोर्ड फ्रेंच नीट लिहायलाच अडचणीचा होता. स्वरचिन्हं असलेली मोठी अक्षरं, फ्रेंच अवतरणचिन्हं, जोडस्वर सहज टंकता येत नसत. नवं मानक करायला घेतलं तेव्हा फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांचा अल्गोरिदम वापरला. शंभराहून जास्त चिन्हं, प्रत्येकाला जागा हवी. उद्दिष्टं चार: वेग, बोटांना कमी ताण, चिन्ह कुठे असेल याचा अंदाज येणं, आणि जुन्या सवयीशी जवळीक.

चौथं उद्दिष्ट यंत्राला सुचलं नसतं. निव्वळ वेगाचा विचार केला तर सगळी अक्षरं उधळून नव्याने मांडणं फायद्याचं. पण लाखो लोकांची बोटं वर्षानुवर्षं शिकून बसलेली आहेत. म्हणून ए ते झेड अक्षरं हलवायचीच नाहीत असं ठरलं. एकदा प्रोग्राम चालवून निकाल जाहीर केला, असंही झालं नाही. तज्ज्ञांची समिती एखादं चिन्ह हाताने दुसरीकडे ठेवून पाहायची आणि प्रोग्राम सांगायचा, याने वेग इतका घटला, ताण इतका वाढला. लोकांकडून हरकती मागवल्या, चारही उद्दिष्टांचं वजन मागेपुढे केलं. एप्रिल २०१९ मध्ये मानक प्रसिद्ध झालं. ऑप्टिमायझेशन असं वापरलेलं मला आवडतं: निकाल देणारा म्हणून नव्हे, प्रत्येक हट्टाची किंमत सांगणारा म्हणून.

## मग माणसालाच वगळलं तर?

हा आक्षेप हमखास येतो. माणूस दमतो, चुकतो, तर जितकं जमेल तितकं यंत्रालाच द्या.

१९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज यांनी यातली गोम दाखवली. स्वयंचलन करताना सोपी कामं यंत्राकडे जातात, कारण तीच नियमांत बसवता येतात. माणसाकडे उरतात ती यंत्राला न जमणारी, आणि तीही अचानक, आणीबाणीत. शिवाय रोजचं काम हातून गेल्याने त्याचा हात बसलेला राहत नाही. ज्याने महिनोन्‌महिने यंत्र हातात घेतलं नाही, त्याने सर्वांत अवघड क्षणी ते सफाईने चालवावं, अशी ती अपेक्षा.

नुसतं लक्ष ठेवणंही माणसाला जमत नाही. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी लोकांना घड्याळासारख्या तबकडीसमोर दोन तास बसवलं. काटा एकेक टप्पा पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. हे आळसाने झालं नाही. लक्षाची घडणच तशी आहे. म्हणून कंट्रोल रूम आखताना ‘माणसावर कमीत कमी काम’ हे उद्दिष्ट ठेवलं तर प्रणाली कागदावर उत्तम आणि प्रत्यक्षात धोक्याची होऊ शकते. कामाला खालचीही मर्यादा लागते.

## पण निदान उत्तर सर्वोत्तम आहे, याची तरी खात्री?

कधी असते, कधी नसते. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिग्लर यांनी ७७ पदार्थांतून सर्वांत स्वस्त पोषक आहार अंदाजाच्या युक्त्यांनी काढला: १९३९ च्या भावाने वर्षाला ३९.९३ डॉलर. १९४७ मध्ये सिम्प्लेक्सने तोच प्रश्न सोडवायला नऊ कारकून लागले, एकूण १२० मनुष्यदिवस. उत्तर आलं ३९.६९ डॉलर. फरक २४ सेंटचा. मग एवढी मेहनत वाया गेली? याहून खाली जाता येतच नाही, हे मात्र त्या मेहनतीनंतरच सिद्ध झालं.

उत्क्रांती किंवा थव्यांच्या पद्धती अशी खात्री देत नाहीत. त्या ‘आतापर्यंत सापडलेलं सर्वांत चांगलं’ देतात. बऱ्याचदा ते पुरतं. फक्त ते देणाऱ्याने ‘सर्वोत्तम’ हा शब्द वापरला, तर खात्रीचा पुरावा मागायला हरकत नाही.

## यंत्राला ना नातं ना गोतं, मग अन्याय कसा होईल?

डिसेंबर २०१७ मध्ये बॉस्टनच्या सरकारी शाळांनी नवी वेळापत्रकं जाहीर केली. एमआयटीच्या संशोधकांचा अल्गोरिदम होता आणि हेतू चांगला होता: किशोरवयीन मुलांना सकाळी जास्त झोप मिळावी आणि बसचा खर्चही आटोक्यात राहावा. बस त्याच, म्हणून कुणीतरी लवकर, कुणीतरी उशिरा. किशोरांना पुढे ढकललं की लहानांना अलीकडे यावं लागलं. काही प्राथमिक शाळा सव्वासातला भरणार आणि दुपारी लवकर सुटणार होत्या. नोकरी करणाऱ्या पालकांनी विचारलं, मुलाला तेव्हा घरी आणणार कोण? महिना उलटायच्या आत योजना मागे घ्यावी लागली.

गणितात चूक नव्हती. अल्गोरिदम पक्षपातीही नव्हता. मांडलेली उद्दिष्टं त्याने चोख साधली. पालकांची दुपार उद्दिष्टांत पुरेशा वजनाने आली नव्हती, आणि जे मोजलं जात नाही ते अशा हिशेबात शून्य धरलं जातं. व्हिनेगरमधल्या पाण्यासारखं. या प्रकरणावरून अल्गोरिदमच नकोत असं म्हणणारे मला पटत नाहीत. त्याच वर्षी, तिथेच, याच मंडळींच्या अल्गोरिदमने बसचे मार्ग आखले आणि पन्नासेक बस वाचल्या. मार्ग बदलला तर घरातली दुपार बदलत नाही, वेळ बदलली तर बदलते.

त्या ड्युट्यांच्या प्रोग्रामचं पुढे काय झालं, ते राहिलंच. नाइट ऑफची अट घातली आणि उत्तर सापडेना. माणसं कमी पडत होती. हे आधी कुणाला आकड्यांत दाखवता आलं नव्हतं, आता आलं, आणि वरिष्ठांनी दोन माणसं वाढवली. नव्या वेळापत्रकावरही इनचार्ज सिस्टरांनी पेन्सिलने अकरा बदल केले. त्यातल्या नऊंची कारणं त्यांनी सांगितली आणि मी ती अटींत लिहिली. उरलेल्या दोघींच्या ड्युट्या का हलवल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. प्रोग्राममध्ये नुसती एक सोय ठेवली, सिस्टरांनी हाताने भरलेल्या चौकटीला हात लावायचा नाही.